आधी पाणी, मग शाई

गेला अख्खा शनिवार मी एक पेन धुण्यात घालवला. अतिशयोक्ती नाही. सकाळी चहा झाल्यावर बेसिनपाशी उभा राहिलो, तो दुपारी साडेतीनला मोकळा झालो. मध्ये जेवणाचा ब्रेक, बास. बोटं काळी, बेसिन काळं, आणि रूममेटचा चेहरा तर... असो. "दोनशे रुपयांत नवीन येतं की रे," तो म्हणाला. येतं. पण हे पेन बाबांचं आहे आणि ते बंद मी पाडलंय.

आधी ती गोष्ट सांगून टाकतो.

बाबा प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांच्याकडे शाईची दोन पेनं होती. एक निळ्या शाईचं, एक लाल शाईचं, वह्या तपासायला. दोन्ही एबोनाइटची, जाडजूड, आटे फिरवून उघडायची आणि ड्रॉपरने थेट पोटात शाई भरायची. निळ्यात कधी लाल गेली नाही, लालमध्ये कधी निळी नाही. लहानपणी मला हा मास्तरी काटेकोरपणा वाटायचा.

इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली तेव्हा निळं पेन त्यांनी मला दिलं. पहिल्याच सेमिस्टरला, सबमिशनच्या आदल्या रात्री अडीच वाजता असाइनमेंट उतरवता उतरवता शाई संपत आली. होस्टेलवर दुसरी बाटली नाही. शेजारच्या खोलीतल्या आर्किटेक्चरवाल्याकडे एक काळी बाटली होती. लेबलवर 'वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक'. म्हटलं, शाई ती शाई! तळाशी निळीचा घोट होता, त्याच्यावरच ओतली. पहाटेपर्यंत झकास चाललं. मग सबमिशन झालं, परीक्षा आल्या, पेन कंपासमध्ये पडून राहिलं. महिन्याभराने उघडलं तर निब आणि जीभ सिमेंट ओतल्यासारखी घट्ट. (जीभ म्हणजे निबेखालचा तो खाचाखाचांचा काळा तुकडा.)

सुट्टीत घरी गेलो. बाबांनी पेन हातात घेतलं, उघडून पाहिलं, टोपण लावून ड्रॉवरमध्ये ठेवलं. बोलले काहीच नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता जवळजवळ दहा वर्षांनी ते पेन मी मागून आणलं. आणि आता एक मत मांडतोय, ज्यावर काही मित्र चिडणार आहेत.

गेल्या काही वर्षांत शाईच्या पेनांची हौस पुन्हा आली आहे. आमच्या टीममध्येच चारपाच जण आहेत. चांगली गोष्ट आहे. पण गप्पा सगळ्या रंगांच्या. मोरपिशी, जांभळी, चमकी घातलेली. एकाने तर सोमवार ते शुक्रवार पाच शाया ठरवल्यात, पेन मात्र एकच. धुतो का? "संपली की दुसरी भरतो, दोन ओळी रंग मिक्स होतो, मजा येते." मंडळी, माझं म्हणणं एवढंच: शाई बदलण्याची किंमत बाटलीवर छापलेली नसते. ती पाण्यात आणि वेळात मोजायची असते. ती द्यायची तयारी नसेल तर शाई बदलू नका.

कारण पोट रिकामं झालं म्हणजे पेन रिकामं झालं असं होत नाही. जिभेवरचे ते बारीक काप शोभेसाठी नसतात. हाताच्या उबेने आतली हवा प्रसरण पावते, शाई बाहेर ढकलली जाते, ती जास्तीची शाई या कापांमध्ये थांबते आणि कागदावर डाग पडत नाही. मधल्या बारीक पन्हाळीतून शाई निबेकडे येते, तिच्या जागी हवा आत जाते. सगळा कारभार केशाकर्षणावर. म्हणजे तुम्ही नवीन शाई भरता तेव्हा जुनी तिथेच दबा धरून बसलेली असते. आणि ती पन्हाळ इतकी बारीक असते की थोडासा साकाही पुरतो.

साका कुठून येतो? शाई म्हणजे रंगीत पाणी हा आपला पहिला गैरसमज. साध्या शाईत पाण्यात विरघळलेला रंग असतो, शिवाय ती नीट वाहावी, लवकर वाळू नये, बुरशी धरू नये म्हणून घातलेली रसायनं. काही शाया आम्लधर्मी, काही अल्कधर्मी. दोन अनोळखी शाया एकत्र आल्या की कधी काहीच होत नाही, आणि कधी चोथा तयार होतो. कधी काय होईल ते लेबलवर लिहिलेलं नसतं.

म्हणून रंग विचारायच्या आधी जात विचारा. (इथे तरी चालेल!) ढोबळ चार आहेत.

पहिली, विरघळणाऱ्या रंगाची. आपली शाळेतली रॉयल ब्लू. पाण्याने निघते, सगळ्यात गुणी. दुसरी, लोह आणि टॅनिनची. पूर्वीची ब्लू-ब्लॅक याच जातीतली. त्यातलं लोह म्हणजे हिराकस, आणि टॅनिन आपल्या हिरड्यातही भरपूर असतं. ही कागदावर हवा लागली की गडद होत जाते आणि पाण्याला दाद देत नाही. पण तेच पेनात वाळली तर आत घट्ट बसते. तिसरी, पिगमेंटची. हिच्यात रंग विरघळलेला नसतो, अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. पेनासाठी बनवलेली असेल तर चालते, पण पेन रोज वापरात हवं. चमकीवालीलाही हाच नियम. आणि चौथी, ड्रॉइंग इंक. पारंपरिक ड्रॉइंग इंकमध्ये काजळी आणि तिला धरून ठेवायला लाख असते. ही फाउंटन पेनात कधीही भरायची नाही. वॉटरप्रूफ म्हणजे काय हे त्या रात्री दोन सेकंद थांबून वाचलं असतं, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आता धुण्याबद्दल. साधी शाई असेल तर थंड किंवा अगदी कोमट पाणी पुरतं. गरम पाणी नको, एबोनाइटचा रंग उडतो. स्पिरिट नको, काही प्लास्टिकला तडे जातात. कन्व्हर्टर किंवा पिस्टनचं पेन असेल तर पाणी ओढा, सोडा, ओढा, सोडा. ड्रॉपरवालं असेल तर निबेचा भाग वेगळा काढून मागून रबरी बल्बने पाणी मारा. पाणी स्वच्छ आलं की झालं असं वाटतं, तिथेच फसायला होतं. पेन वाटीभर पाण्यात अर्धा तास उभं ठेवा, पुन्हा निळे धागे सुटताना दिसतील. ते थांबेपर्यंत झालं नाही. मग निब खाली करून टिशू पेपरवर रात्रभर उभं ठेवा. टिशू पेपर उरलंसुरलं ओढून घेतो. नाहीतर पहिलं पान पांढुरकं उमटतं आणि आपण शाईला शिव्या देतो. आमच्या सोसायटीत टँकरचं जड पाणी येतं, त्यामुळे शेवटचं पाणी मी फिल्टरचं वापरतो. क्षार जिभेत बसायला नकोत.

हट्टी शाईसाठी दहा भाग पाण्यात एक भाग घरगुती अमोनिया आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. खिडकी उघडी ठेवा, ब्लीचबरोबर कधीही मिसळू नका, पितळ-ॲल्युमिनियमचे भाग त्यात भिजत टाकू नका, आणि नंतर साध्या पाण्याने भरपूर धुवा. माझा शनिवार गेला तो यातच. दोन तास भिजल्यावर निब आणि जीभ एकदाची सुटली. मग मऊ टूथब्रश, पुन्हा पाणी, पुन्हा ब्रश.

गंमत म्हणजे ही कटकट जुनीच आहे. १९३१ साली पार्कर कंपनीने क्विंक शाई आणली तेव्हा तिची जाहिरातच अशी होती की लिहिता लिहिता ही पेन साफ करते. त्याच वर्षी इकडे मुंबईत दांडेकरांनी शाईच्या पुड्या आणि गोळ्यांपासून कॅम्लिनची सुरुवात केली. म्हणजे पेन धुवायचा कंटाळा नव्वदेक वर्षांपूर्वीच्या लोकांनाही होता! पण शाईतलं औषध रोजच्या शाईपुरतं. शाई बदलताना पाण्याला पर्याय नाही.

आणि रंगांची फारच हौस असेल तर बाबांचा मार्ग आहेच. एका पेनाला एक शाई. दोन साधी पेनं घ्या, पण एका पेनाचे हाल करू नका. तो मास्तरी काटेकोरपणा नव्हता हे मला उशिरा कळलं. त्यांना रोज साठ वह्या तपासायच्या असायच्या, पेन अडून चालणार नव्हतं.

रविवारी सकाळी निळी भरली आणि वहीवर 'श्री' काढला. पहिल्यांदा नुसती निब ओरखडली. दुसऱ्यांदा फिकट. तिसऱ्यांदा ओलसर, भरघोस निळा. वेलांटी घेताना अजून मध्येच तुटतंय, म्हणजे आत कुठेतरी काजळी आहेच. फोटो काढून बाबांना पाठवला. पाच मिनिटांत फोन.

"कुठली शाई भरलीस?"

"आपली नेहमीची. रॉयल ब्लू."

"धुतलंस किती वेळा?"

"मोजलं नाही. दिवसभर."

जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "पुढच्या वेळी आलास की लाल पेन पण घेऊन जा. तेही हल्ली अडतंय."