माणूस कसाही असो, कामं करतो ना?

मशिदीच्या कमिटीची निवडणूक असो, एज्युकेशन ट्रस्ट असो की नगरपालिकेचा वॉर्ड, हे वाक्य आपल्या मोहल्ल्यात हमखास ऐकू येतं. बोलणारे वाईट लोक नसतात. आपलेच चाचा, मामू असतात. दाखला, पाण्याची लाइन, सिव्हिल हॉस्पिटलमधला बेड यासाठी आयुष्यभर कुणाच्या तरी दारात उभे राहून थकलेली माणसं. त्यांच्यावर माझा राग नाही. पण तेच वाक्य आता तिशीतले, पदवीधर मित्रही बोलतात, वर ‘प्रॅक्टिकल व्हा’ असा सल्लाही देतात. राग त्याचा येतो.

मी इंजिनिअर आहे, म्हणून आधी माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो.

२७ जानेवारी १९८६ ची रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘चॅलेंजर’ हे अमेरिकेचं अवकाशयान उडायचं होतं. रॉकेटचे बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या इंजिनिअरांनी नासाला फोनवरच्या बैठकीत सांगितलं, की थंडी फार आहे, सांध्यांमधल्या रबरी कड्या कडक होतील, साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण करू नका. रॉजर बॉइसजोली या इंजिनिअरने तर सहा महिने आधीच लेखी इशारा दिला होता. नासाच्या अधिकाऱ्यांना ते आवडलं नाही. मग कंपनीच्या वरिष्ठांनी आपापसात चर्चा केली. इंजिनिअरिंगचे उपाध्यक्ष बॉब लुंड यांना त्यांच्या वरिष्ठाने सुचवलं, की आता इंजिनिअरची टोपी काढा आणि मॅनेजरची घाला. लुंड यांनी टोपी बदलली. सकाळी यान उडालं. ७३ सेकंदांत ते फुटलं आणि सात जण गेले.

लुंड अडाणी नव्हते, नालायक नव्हते. त्या खोलीतले सगळे ‘कामाचे’च लोक होते. ज्ञान सगळ्यांकडे सारखं होतं, आलेख सगळ्यांनी पाहिले होते. पण कड्या निकामी होतीलच, हे त्या रात्री कुणालाही शंभर टक्के सिद्ध करता येत नव्हतं. माहिती जिथे संपते, तिथून पुढचा निर्णय माणूस आपल्या स्वभावाने घेतो: ग्राहक नाराज होण्याची भीती मोठी, की न पाहिलेल्या सात जणांचा जीव मोठा? त्याच कंपनीचे ॲलन मॅकडोनाल्ड उड्डाणाच्या ठिकाणी हजर होते. उड्डाणाला संमती देणाऱ्या कागदावर त्यांनी सही करायला नकार दिला. सही दुसऱ्याने केली, कागद फॅक्सने आला. पुढे चौकशी आयोगासमोर मॅकडोनाल्ड यांनी स्वतःहून उभं राहून सगळं सांगितलं. कंपनीने त्यांना खालच्या कामावर टाकलं. अमेरिकी संसदेने दबाव आणल्यावर बूस्टर नव्याने डिझाइन करण्याचं काम त्यांच्याच हाती आलं.

आता सांगा, मॅकडोनाल्ड यांचा प्रामाणिकपणा ही त्यांची ‘खासगी बाब’ होती?

आपल्याकडे हजरत उमर (रजि.) यांच्या काळातल्या दुष्काळाची गोष्ट जलशांत नेहमी सांगितली जाते. हिजरी सन १८. खलीफांनी तूप आणि गोश्त सोडलं, लोकांना मिळेपर्यंत खाणार नाही म्हणाले, तेलावर राहून त्यांचा रंग काळवंडला. ऐकून आपण ‘सुब्हानल्लाह’ म्हणतो आणि चप्पल शोधायला लागतो. पुढचा भाग राहून जातो. त्याच दुष्काळात त्यांनी चोरीची ठरलेली शिक्षा थांबवली आणि शाममधून धान्य मागवलं. उपाशी राहणं ही त्यांची इबादत होतीच, पण कारभारही त्यातूनच चालला. भूक स्वतः सोसलेल्या माणसाला भुकेपोटी उचललेली भाकरी वेगळी दिसते. पोट भरलेल्या खलीफालाही कायदा तितकाच पाठ असता.

यावर मित्र म्हणतात, मग काय, नुसता पाचवक्ती नमाजी बसवायचा खुर्चीवर? नाही. हजरत अबू जर (रजि.) यांनी पद मागितलं, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सांगितलं की तुम्ही यासाठी दुर्बल आहात आणि ही अमानत आहे. अबू जर यांच्या सच्चेपणाबद्दल कुणाला शंका होती? तरीही पद मिळालं नाही. सूरह कससमध्ये हजरत मूसा (अलै.) यांना कामावर ठेवण्याची शिफारस होते, तिथे कारणं दोन आहेत: ताकद आणि विश्वासूपणा. दाढीची लांबी मोजून मत देणाऱ्यांनी पहिलं कारण सोडलं, ‘प्रॅक्टिकल’ मंडळींनी दुसरं. दोघांनी मिळून आपल्या संस्थांची काय अवस्था केली, ते तुमच्या शहरात पाहा.

आणि आता माझं. काही वर्षांपूर्वी एका ट्रस्टच्या शिष्यवृत्तीची यादी मी एक्सेलमध्ये केली होती. घरचं उत्पन्न आणि गुण यांवरून क्रम लावला. अध्यक्षसाहेब खरंच कामाचे. हॉल त्यांनी बांधला, मय्यतची गाडी त्यांनी आणली. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, “बेटा, हे नाव जरा वर घे.” मी घेतलं. एका ओळीचं काम, दोन सेकंद. खालची एक मुलगी रेषेबाहेर गेली. तिचे वडील हातगाडी लावायचे, हे अर्जात लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलेलं होतं. मला कुणी धमकावलं नव्हतं. मोठ्यांसमोर ‘नाही’ म्हणायचं अवघड वाटलं, एवढंच. बॉब लुंड यांच्याबद्दल वाचताना मला आधी ते दोन सेकंद आठवतात, म्हणून त्यांना शिव्या देणं मला जमत नाही.

त्या ट्रस्टची निवडणूक पुढच्या महिन्यात आहे. अध्यक्षसाहेब पुन्हा उभे आहेत आणि मोहल्ल्यात तेच वाक्य फिरतंय. त्या वर्षीची मूळ फाइल माझ्याकडे अजून आहे, दोन्ही क्रमांसकट. मुलांची नावं झाकून मी ती सर्वसाधारण सभेत ठेवणार आहे आणि नाव कुणी हलवलं हेही सांगणार आहे. अब्बांना कालच सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “सभा इशाच्या आधी आहे की नंतर?”