बकाल्याची वही

आखातात गेलेल्या माणसाचे आता बरे चालले आहे, असे आमच्या भागात सर्रास म्हटले जाते. ‘पूर्वीसारखे हाल आहेत कुठे? हल्ली सगळे तिथेच मिळते!’ हे वाक्य खेड-दापोलीकडच्या एसटीत अर्धा तास बसले तरी एकदा कानावर पडतेच. सगळे मिळते, हे खरेच आहे. परंतु त्यावरून तिथला माणूस सुखाने राहतो असा जो निष्कर्ष आपण काढतो, तो मला पटत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

बदल लहानसहान नाही. १९६६ सालापर्यंत दुबईच्या बाजारात रुपयाच चालत असे. आपल्या रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी निराळ्या नोटाही काढल्या होत्या. पुढे रुपयाचे अवमूल्यन झाले आणि तिथून रुपया गेला. अमिरातींचा स्वतःचा दिरहम आला तो १९७३ मध्ये. त्या काळी गेलेली आमच्याकडची माणसे सांगत, की कुळथाचे पीठ आणि आमसुले सुटीवरून परत जाणाऱ्याच्या सामानातूनच पोहोचत. आज त्याच अमिरातींत ३५ लाखांहून अधिक भारतीय राहतात आणि एप्रिल-मे महिन्यांत हापूसच्या पेट्या विमानाने उतरतात. १९९५ मध्ये देरा भागात सिटी सेंटर उभे राहिले, २००० मध्ये केरळच्या युसुफ अलींच्या लुलू समूहाने दुबईत पहिले हायपरमार्केट उघडले, आणि मसाल्यापासून मोदकाच्या पिठापर्यंत सारे एका छपराखाली आले. देऱ्यातला जुना मासळीबाजारसुद्धा २०१७ मध्ये वॉटरफ्रंट मार्केटच्या वातानुकूलित इमारतीत गेला. कोकणी माणूस तिथे ‘कनाद’ मागतो आणि सुरमई घेऊन येतो. हेकरूला तिथे हामूर म्हणतात. इतकी भाषा माणूस पोटासाठी शिकतोच!

या सर्व झगमगाटात मला महत्त्वाचा वाटतो तो बकाला. आपल्याकडे बकाल म्हणजे गलिच्छ. पण अरबीत बकाला म्हणजे किराण्याचे दुकान. इमारतीच्या तळमजल्यावर एक खोलीभर जागा, बहुधा मल्याळी दुकानदार, आणि त्याच्याकडे उधारीची वही. वरच्या मजल्यावरून फोन केला की एक पाव आणि दोन अंडी देण्यासाठीसुद्धा पोऱ्या जिना चढून येई. माझे मामा शारजात एसी दुरुस्तीच्या कामावर चौदा वर्षे होते. २०१६ मध्ये त्यांच्या कंपनीने तीन महिने पगार दिला नाही. अमिरातींत २००९ पासून पगार बँकेमार्फत देण्याची आणि त्यावर सरकारी देखरेखीची पद्धत सुरू झाली. तिने पुष्कळ फरक पडला. तथापि नियम आणि पगार यांच्यामध्ये जे दिवस जातात, त्या दिवसांत जेवायचे काय? मामांच्या खोलीतल्या सहाजणांचे तांदूळ, डाळ, तेल तीन महिने वहीवर आले. दुकानदाराने ना कागद मागितला, ना जामीन. तो स्वतःही परदेशीच होता, त्याचाही व्हिसा कोणाच्या तरी सहीवर होता. कदाचित म्हणूनच त्याला विचारावे लागले नसेल.

आता मोबाईलवर बोट ठेवले की पंधरा-वीस मिनिटांत सामान दारात येते. २०१९ मध्ये ॲमेझॉनही अमिरातींत स्वतःच्या नावाने आले. हे वाईट आहे असे मी म्हणत नाही. घरी लहान मूल असलेल्या बाईला त्याचे मोल विचारावे. पण मोबाईलवरच्या दुकानाला आधी पैसे लागतात, किंवा बँकेचे कार्ड लागते, आणि कार्डाला पगाराचा दाखला लागतो. ज्याचा पगार अडला आहे त्याच्यासाठी ते दुकान बंदच. आणि सामान आणून देणारा तरी कोण? पंचेचाळीस अंशांच्या उन्हात मोटारसायकल हाकणारा भारतातला, पाकिस्तानातला नाहीतर बांगलादेशातला तरुण. एका परदेशी माणसाची सोय दुसऱ्या परदेशी माणसाच्या घामावर उभी आहे, ही गोष्ट आपण एसटीतल्या गप्पांत धरतच नाही.

शिवाय ‘तिथे सगळे मिळते’ म्हणताना आपण कोणत्या माणसाविषयी बोलतो? दुबईत कामगारांच्या वसाहतींचा एक भाग आहे, त्याला लोक सोनापूर म्हणतात. (मुंबईकर हे नाव ऐकून दचकतो, कारण मुंबईत सोनापूर म्हणजे स्मशान.) तिथून कंपनीच्या बसने कामावर जायचे, त्याच बसने परतायचे. मॉल पाहायचा तो सुटीच्या दिवशी, आणि तोही बहुतेक पाहायचाच. शहरात राहणाऱ्यालासुद्धा पुष्कळदा खोली परवडत नाही, तो ‘बेडस्पेस’ घेतो. म्हणजे भाडे खोलीचे नाही, खाटेचे. फ्रिजमधला एक कप्पा आपला, शेगडीची वेळ ठरलेली. अशा माणसासमोर चाळीस जातींचा तांदूळ मांडला तर त्याने कुठे ठेवायचा?

खोक्याचेही तसेच झाले आहे. पूर्वी मुंबईच्या विमानतळावर दोरीने आवळलेला, नाव रंगवलेला खोका उतरायचा. टेपरेकॉर्डर, दुधाची पावडर, टँगचा डबा, अत्तर, साड्या. त्या खोक्यात दोन वर्षांच्या गैरहजेरीचा जबाब असे. १९९१ नंतर आपली बाजारपेठ उघडली आणि हळूहळू त्यातली प्रत्येक वस्तू तालुक्याच्या दुकानात आली. आता आखातातून आलेल्या काकांनी चॉकलेट काढले, तर पुतण्या ते खाता खाता सांगतो की हे इथे स्वस्त आहे! पोरांचे चुकत नाही. पण काकांच्या हातात आता दाखवण्यासारखे काय उरले?

बायको-मुलांना सोबत न्यावे, तर २०१९ मधील नियमानुसार महिना ४,००० दिरहम पगार हवा, किंवा ३,००० दिरहम आणि राहण्याची जागा. खाटेचे भाडे देणाऱ्याचा हिशेब इथेच थांबतो. त्यात २०१८ पासून खरेदीवर पाच टक्के कर आला. फोनचीही एक तऱ्हाच. आपण इथे ज्यावर फुकट बोलतो त्या व्हॉट्सॲपचे बोलणे तिथे वर्षानुवर्षे बंद राहिले, म्हणून माणसे निराळ्या ॲपला पैसे भरून बोलत. मामीकडे मामांचा फोन यायचा तो बहुतेकदा सुपरमार्केटमधून. ते भाज्यांच्या रांगेवरून फोन फिरवायचे आणि विचारायचे, यातली अळूची पाने कुठली, आणि फदफद्यात चिंच किती घालायची.