नेता घराघरात पोहोचला. नागरिक कुठवर पोहोचला?

राज्यकर्ते आणि जनता यांच्यातल्या संवादाचा इतिहास सांगताना एक मांडणी हमखास केली जाते. पूर्वी राजा दूर होता. दवंडी आणि शिलालेख एवढ्यावरच त्याचे प्रजेशी बोलणे भागत असे. मग छापखाना आला, रेडिओ आला, दूरचित्रवाणी आली, मोबाइल आला आणि दर टप्प्यावर अंतर घटत गेले. आज देशाचा प्रमुख बोलला की त्याच क्षणी कोट्यवधी लोक ऐकतात. मध्ये संपादक नाही, बातमीदार नाही. तेव्हा नेता आणि नागरिक आजच्याइतके जवळ कधीच नव्हते, असा निष्कर्ष काढला जातो.

हा निष्कर्ष मुळातच चुकीचा आहे. नेत्याचा आवाज किती दूर गेला एवढेच त्यात मोजलेले आहे. नागरिकाचे म्हणणे वर पोहोचले का आणि पोहोचल्यावर त्याचे काय झाले, हा अर्धा हिशेब तो मांडतच नाही.

या दाव्याची परीक्षा घ्यायला 1933 हे साल फार सोयीचे आहे. त्या वर्षी जर्मनी आणि अमेरिका या दोन्ही देशांत नवे नेते सत्तेवर आले, दोन्हीकडे मंदीने लोक हवालदिल होते आणि दोघांच्याही हाती रेडिओ हेच साधन होते. जर्मनीत गोबेल्सच्या प्रचारखात्याने ‘फोल्क्सएम्फेंगर’ म्हणजे जनतेचा रेडिओ बाजारात आणवला. किंमत 76 राइशमार्क, म्हणजे इतर संचांच्या मानाने बरीच कमी. हिटलर सत्तेवर आला तो दिवस 30 जानेवारी, म्हणून संचाचा क्रमांक 301 ठेवला गेला. चौकांत, कारखान्यांत कर्णे लागले, भाषणाच्या वेळी कामे थांबवली जात. नेता खरोखरच घराघरात पोहोचला. आणि सप्टेंबर 1939 मध्ये परदेशी केंद्र ऐकणे हाच गुन्हा ठरला. नेत्याचा आवाज सर्वत्र पोहोचणे म्हणजेच संवाद असे मानले, तर नाझी जर्मनीला संवादाचा आदर्श म्हणावे लागेल.

अमेरिकेत 12 मार्च 1933 रोजी, रविवारी रात्री, फ्रँकलिन रूझवेल्ट रेडिओवर बोलले. अध्यक्षपदाची शपथ घेऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. देशभरातल्या बँका बंद ठेवल्या होत्या आणि लोकांना आपल्या ठेवींची धास्ती होती. बँकेत ठेवलेला पैसा तिजोरीत पडून नसतो, तो कर्जाऊ गेलेला असतो, म्हणून सगळे एकदम काढायला धावले की चांगली बँकही कोसळते, हे त्यांनी कुणालाही कळेल अशा बोलीत समजावले. दुसऱ्या दिवशी बँका उघडू लागल्या तेव्हा लोक पैसे भरायला रांगेत उभे राहिले. ‘फायरसाइड चॅट’ या नावाने अशी सुमारे तीस भाषणे पुढच्या काळात झाली.

रूझवेल्टांचे कौतुक बहुधा इथेच थांबते: उत्तम आवाज, सोपी भाषा, योग्य वेळ. पण त्यांचे खरे वेगळेपण टपालात होते. शपथविधीनंतरच्या पहिल्या आठवड्यात व्हाइट हाउसकडे साडेचार लाखांच्या आसपास पत्रे आली. आधीच्या अध्यक्षांच्या काळात हे काम मुख्यतः एकट्या माणसाला झेपत असे. आता त्यासाठी मोठा कर्मचारीवर्ग नेमावा लागला. त्यांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना त्या एका वर्षात तीन लाखांच्या घरात पत्रे आली. बेकार मजूर, जप्तीच्या भीतीखालचे शेतकरी, म्हातारपणी आधार नसलेल्या बायका लिहीत होत्या आणि त्यांची पत्रे वर्गवारी होऊन संबंधित खात्यांकडे जात होती. सप्टेंबर 1935 मध्ये तर रूझवेल्टांनी स्वतःच देशभरातल्या लाखाहून अधिक धर्मगुरूंना पत्र पाठवून त्यांच्या भागातली परिस्थिती विचारली. सामाजिक सुरक्षेचा कायदा नुकताच झाला होता आणि तो गावपातळीवर कसा पोहोचतो आहे, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. हजारो उत्तरे आली, त्यांत कडक टीकाही होती.

मधला माणूस नको, नेत्याने थेट जनतेशी बोलावे, हा दुसरा आवडता दावा. त्याला उत्तरही 1933 च्या त्याच मार्चमध्ये सापडते. रेडिओवरल्या पहिल्या भाषणाच्या चार दिवस आधी, 8 मार्चला, रूझवेल्टांनी पहिली पत्रकार परिषद घेतली आणि प्रश्न आगाऊ लेखी देण्याची जुनी अट काढून टाकली. पुढे साधारण आठवड्यातून दोनदा बातमीदार त्यांच्या मेजाभोवती उभे राहत. त्यांचे बोलणे जसेच्या तसे छापायला परवानगी लागे, तरी प्रश्न कोणता येईल हे अध्यक्षाच्या हाती उरले नव्हते. रेडिओसमोर बसलेल्या श्रोत्याला भाषणाच्या मध्येच उठून ‘पण हे कसे?’ असे विचारता येत नाही. ते त्याच्या वतीने विचारणारा बातमीदार काढून टाकला, तर संवादातून नागरिकच वजा होतो.

राहिला तिसरा आक्षेप, की पूर्वीचे राजे प्रजेचे कधी ऐकतच नव्हते. सम्राट अशोकाचा सहावा शिलालेख वाचला तरी तो ढिला पडतो. मी जेवत असो, अंतःपुरात असो वा उद्यानात, प्रजेच्या कामाची खबर मला कधीही द्यावी, अशी आज्ञा त्याने प्रतिवेदकांसाठी, म्हणजे खबर आणणाऱ्यांसाठी, कोरून घेतली. विहारयात्रा सोडून धर्मयात्रा सुरू केल्याचे आणि त्यात जनपदांतल्या लोकांच्या भेटी घेत असल्याचे तो आठव्या लेखात सांगतो. त्या लेखाचा एक तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना 1882 साली आपल्या सोपाऱ्यात मिळाला. अशोकाची राजवट लोकशाही होती असे कुणी म्हणणार नाही. पण खबर खालून वर यायला हवी आणि ती अडवली जाऊ नये, हे बावीसशे वर्षांपूर्वी एका राजाला दगडात कोरण्याइतके महत्त्वाचे वाटले होते.

इथवर खंडन झाले. पण ‘चांगला, ऐकणारा नेता मिळाला की झाले’ हे मंडन मात्र अपुरे ठरेल आणि ते अपुरे का, हेही रूझवेल्टच दाखवतात. 23 फेब्रुवारी 1942 च्या भाषणासाठी त्यांनी लोकांना जगाचा नकाशा समोर घेऊन बसायला सांगितले होते. महायुद्ध सामान्य माणसाला समजावण्याचा तो अपूर्व प्रयत्न होता. त्याच्या चारच दिवस आधी त्यांनी ज्या आदेशावर सही केली, त्याने पश्चिम किनाऱ्यावरच्या लाखाहून अधिक जपानी वंशाच्या माणसांना घरेदारे सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांनी झुंडबळींविरुद्ध कायदा मागितला, तोही त्यांना मिळाला नाही. लाखो पत्रे वाचणाऱ्या अध्यक्षाच्या दारातही काही आवाज बाहेरच राहिले. नेत्याचा कान कुणाला द्यायचा हे नेत्याच्याच मर्जीवर असेल, तर असेच होणार.

मर्जीच्या जागी हक्क आणण्याचे काम आपल्या देशात झाले आणि ते साध्या माणसांनी केले. 2 डिसेंबर 1994 रोजी राजस्थानातल्या कोट किराना गावात मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई भरवली. सरकारी कामांच्या नोंदी गावासमोर मोठ्याने वाचल्या गेल्या, आणि कागदावर दिलेली मजुरी हातात पडलीच नव्हती हे मजुरांनी तिथेच सांगितले. नोंदी पाहण्याचा हा हक्क पुढे कायद्यात आला. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर राज्याचा माहिती अधिकार कायदा 2002 चा म्हणून लागू झाला. देशाचा कायदा 12 ऑक्टोबर 2005 पासून अमलात आला.

नेता आणि नागरिक यांच्या संवादाच्या इतिहासात या कायद्याचे स्थान रेडिओ आणि मोबाइल यांच्याहून वरचे आहे. दहा रुपयांचे शुल्क भरून कुणीही विचारू शकतो: गावच्या रस्त्याचे पैसे कुठे गेले? तीस दिवसांत उत्तर द्यायचे, विनाकारण टाळले तर अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड. नागरिकाने का विचारले, हे विचारायचा अधिकार कार्यालयाला नाही. पत्राला उत्तर देणे हा रूझवेल्टांच्या काळी चांगुलपणा होता. इथे ते कर्तव्य झाले.

आज याच दारावर गर्दी तुंबली आहे. माहिती नाकारल्यावर केलेली दुसरी अपिले ती ऐकणाऱ्या माहिती आयोगांकडे दीर्घकाळ पडून राहतात आणि आयुक्तांची पदे रिकामी ठेवली जातात. ती वेळेवर भरा, असे सर्वोच्च न्यायालयाला फेब्रुवारी 2019 मध्ये सांगावे लागले. नव्या माध्यमांमुळे लोकशाही जवळ आली असे सांगणाऱ्यांनी आधी मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती इथल्या राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठांकडे किती अपिले थकली आहेत ते पाहावे. आणि मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला मतदारांनी भर सभेत विचारावे, की आयुक्तांची पदे रिकामी पडू नयेत म्हणून तो सभागृहात काय करणार आहे.