गाडीला पाटी मिळाली, उस्तादांचं काय?

पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना २०२१ सालच्या नियमांनी ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर कायम राहतो. नवी नोंदणी करायची तर वीस हजार रुपये भरायचे आणि पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. निर्णय चांगलाच आहे. आमच्या घरी वडिलांची फियाट डिलाइट आहे, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, त्यामुळे मला तर त्याचा आनंदच झाला. पण अशा गाड्या चालत्या ठेवणाऱ्या माणसांची नोंद कुठल्याच वहीत नाही. आपल्या छत्रपती संभाजीनगरात असे उस्ताद आता शोधावे लागतात.

त्यांच्याबरोबर नेमकं काय जाणार आहे, हे सांगायला एकच काम पुरेसं आहे. इग्निशनचं टायमिंग.

पिस्टन वर पोचायच्या किंचित आधी ठिणगी पडली पाहिजे, कारण पेट्रोल पेटून पसरायला वेळ लागतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर एक अंश म्हणजे सेकंदाचा अठरा हजारावा भाग. त्यात डेल्को (डिस्ट्रिब्युटरला गॅरेजात हेच म्हणतात) इंजिनाच्या निम्म्या वेगानं फिरतो. म्हणजे तो एक अंश हलवला की क्रँकवर दोन अंशांचा फरक. चिकलठाणा एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये माझी सगळी नोकरी झाली, मायक्रोमीटर रोज हातात असायचा. तरीही उस्ताद डेल्को धरतात तेव्हा मी बघत राहतो.

ते आधी डेल्कोतला सीबी पॉइंट उघडून बघतात; तो सुटतो त्या क्षणी ठिणगी पडते. काळपट डाग, बारीकसा खड्डा दिसला की घासून साफ करतात आणि फिलर गेज घालून गॅप लावतात. गॅप वाढला तर पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंगच पुढे सरकतं, म्हणून हे काम आधी. मग पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर बोट ठेवायचं आणि इंजिन हातानं फिरवायचं. हवा बोटाला ढकलायला लागली की कॉम्प्रेशनचा स्ट्रोक आला. पुलीवरची खूण जुळवायची. कॉइलकडून डेल्कोला येणारी वायर आणि बॉडी यांच्यामध्ये एक छोटा बल्ब लावायचा, चावी ऑन करायची आणि डेल्को रोटरच्या उलट दिशेनं अगदी हळू फिरवायचा. पॉइंट सुटतो त्या क्षणी बल्ब पेटतो. तिथंच नट आवळायचा.

मॅन्युअलचं काम इथं संपतं, उस्तादांचं इथून सुरू होतं. कारण मॅन्युअलमधला आकडा ज्या पेट्रोलसाठी लिहिला, ते पेट्रोलच आज पंपावर मिळत नाही. शिसं २००० सालीच गेलं. आता वीस टक्के इथेनॉल आलंय. ऑक्टेन वाढलं, पण जुन्या कार्बोरेटरचा जेट आहे तेवढाच राहिला, म्हणून मिश्रण पातळ पडतं. म्हणून दौलताबाद ओलांडून खुलताबादच्या घाटात गाडी न्यायची, टॉप गिअरमध्येच अॅक्सिलरेटर दाबायचा आणि ऐकायचं. किंचित टकटक होऊन लगेच विरली तर ठीक. टकटक चालूच राहिली तर ठिणगी लवकर पडते आहे. अशीच चालवली तर पिस्टनचं वाटोळं. “जरा पीछे लो भाई,” उस्ताद म्हणतात आणि गाडी बाजूला घ्यायला लावून डेल्को नखभर फिरवतात.

उलट चूक आपल्या मराठवाड्यात जास्त छळते. ठिणगी उशिरा पडली की पिकअप मरतो, पेट्रोल जास्त जातं आणि इंजिन तापतं. मे महिन्यात काटा वर चढला की सगळे रेडिएटरच्या मागे लागतात. पाणी बदलतात, पंखा बदलतात, खर्च करत राहतात. दोष डेल्कोत असतो.

‘विजेच्या गाड्यांच्या काळात हे कशाला?’ असं मला विचारलं जातं. आजही रस्त्यावर पेट्रोलच्या गाड्या असंख्य आहेत, आणि त्यांचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, दर क्षणाला हाच निर्णय घेतो: ठिणगी किती आधी टाकायची. नॉक सेन्सर तीच टकटक ऐकतो. जो पोरगा बल्ब पेटताना बघून हे शिकला, त्याला स्कॅनरवरचा कोड वाचून भाग बदलण्यापलीकडचं काही कळेल. बजाजच्या वाळूज कारखान्याला १९८५ पासून आणि शेंद्र्याच्या स्कोडाला माणसं पुरवणाऱ्या शहराला हे शिकवणं परवडणारं नाही असं कोण म्हणेल?

मागणी मोठी नाही. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहेच. तिथं स्टँडवर बसवलेलं एक चालतं फियाट किंवा अॅम्बेसेडरचं इंजिन ठेवा. आठवड्यातली एक दुपार उस्तादांना मानधन देऊन बोलवा. त्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही ही अडचण सांगितली जाईल. तर पाहुणे शिक्षक म्हणून बोलवा, सही नेहमीच्या निदेशकाची घ्या. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरल्या, त्यांच्याबरोबर कितीतरी गॅरेजांचं कामही गेलं. आपल्याकडचे उस्ताद सत्तरीच्या पुढे आहेत. हे येत्या प्रवेशाच्या हंगामापासूनच सुरू व्हायला हवं. इंजिन मिळत नसेल तर आमच्या शेडमध्ये एक सुटं पडून आहे, मी पोचवून देतो.