नॉर्वेला जाताय? बदललेले नियम आधी समजून घ्या

दोन-चार वर्षांपूर्वी कुणी नॉर्वेला जाऊन आलं असेल आणि त्यांच्या सांगण्यावर तुम्ही तयारी करत असाल, तर जरा थांबा. उंच डोंगरांच्या मधून आत घुसलेली समुद्राची ती खाडी, ज्याला फ्योर्ड म्हणतात, ती तशीच आहे. तिथवर पोहोचण्याचे कायदे मात्र बदलले आहेत. नॉर्वेने पाहुण्यांसाठी दार बंद केलेलं नाही, पण हिशेब मागायला सुरुवात केली आहे. तुम्ही किती दिवस राहिलात, तुमच्या बोटीने किती धूर सोडला, तुमच्या मुक्कामाचा गावावर किती बोजा पडला, हे सगळं आता मोजलं जातं.

पहिला बदल सीमेवरचा आहे. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, पण २००१ पासून शेंगेन व्यवस्थेत आहे. या २९ देशांत १२ ऑक्टोबर २०२५ पासून 'एंट्री-एक्झिट सिस्टिम' टप्प्याटप्प्याने सुरू झाली. १० एप्रिल २०२६ पर्यंत ती सगळीकडे लागू करण्याचं वेळापत्रक होतं. पासपोर्टवरच्या शिक्क्याची जागा संगणकातली नोंद घेते. उमरा करून आलेल्यांना बोटांचे ठसे आणि फोटो यांचं नवल वाटणार नाही. आपल्याला व्हिसा लागतो, त्यामुळे ठसे अर्जाच्या वेळीच घेतलेले असतात. सीमेवर चेहऱ्याचा फोटो काढून नोंद होते. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फोटो मात्र काढतात. या नोंदणीची फी नाही, कुणी एजंट मागत असेल तर देऊ नका.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही नोंद ज्या शेंगेन देशात तुम्ही पहिलं पाऊल ठेवाल तिथे होते. दोहा किंवा दुबईमार्गे गेलात तर ओस्लोला, फ्रँकफर्टमार्गे गेलात तर फ्रँकफर्टला. रांग लांब असू शकते. म्हणून युरोपात विमान बदलायचं असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा, विशेषतः सोबत म्हातारी माणसं आणि मुलं असतील तेव्हा.

खरा धोका दिवसांच्या मोजणीत आहे. कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि तेही २९ देश मिळून. शिवाय व्हिसावर जितके दिवस लिहिलेत तितकेच. व्हिसाची मुदत आणि राहण्याचे दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सून बाळंत होणार म्हणून अम्मी-अब्बा मुलाकडे जातात, मग बाळाच्या अकीक्यासाठी आणखी आठवडाभर थांबावंसं वाटतं. पूर्वी शिक्के पुसट असायचे, अधिकाऱ्याला पानं उलटून हिशेब करावा लागायचा. आता यंत्र एका क्षणात सांगतं. नोंद तीन वर्षं राहते. मुदत संपूनही बाहेर पडल्याची नोंद नसेल तर पाच वर्षं. एका आठवड्याच्या मायेपोटी पुढचा व्हिसा अडकू शकतो. मुदतीत राहणं अशक्यच झालं, आजारपण आलं, तर मुदत संपण्याआधी तिथल्या पोलिसांकडे मुदतवाढीचा अर्ज करा. नंतरच्या सबबी फार उपयोगी पडत नाहीत.

याच मोजणीचा फायदाही आहे. एप्रिल २०२४ मध्ये युरोपियन कमिशनने भारतीयांसाठी नियम सैल केला. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नीट वापरले असतील, तर दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो, आणि पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर त्यानंतर पाच वर्षांचा. ज्याचं रेकॉर्ड साफ, त्याला पुन्हा पुन्हा कागद जमवावे लागणार नाहीत.

खर्च मात्र वाढला. ११ जून २०२४ पासून व्हिसा फी ८० वरून ९० युरो झाली, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५. आई-वडील आणि आठ-दहा वर्षांची दोन मुलं म्हणजे २७० युरो, वर अर्ज केंद्राचे पैसे वेगळे. नकार आला तरी फी परत नाही. ज्या देशांना व्हिसा लागत नाही त्यांच्या नागरिकांसाठी 'एटियास' नावाची परवानगी येते आहे, तिची फी २० युरो. दरवाजा एकच, पण पासपोर्ट पाहून भाव वेगळा. एटियास आपल्यासाठी नाही, त्या नावाने कुणी पैसे मागितले तर सावध राहा.

आमच्या शाळेच्या रजिस्टरात एकाच घरातल्या भावंडांचं 'शेख' इंग्रजीत तीन तऱ्हेने लिहिलेलं असतं. पासपोर्ट, तिकीट, विमा, बँकेचे कागद यांवर स्पेलिंग एकच हवं. वैद्यकीय विमा किमान ३० हजार युरोचा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या महिन्याची वाट पाहू नका.

आता फ्योर्डकडे वळू. गैरांगर आणि नॅरॉय हे फ्योर्ड २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. क्रूझ जहाजांचा धूर त्या अरुंद दऱ्यांत साचून राहायचा. म्हणून १ जानेवारी २०२६ पासून या वारसा फ्योर्डमध्ये १० हजार टनांखालच्या प्रवासी जहाजांना शून्य उत्सर्जनाची अट लागू झाली. मोठ्या जहाजांना २०३२ पर्यंत मुदत आहे. टूर कंपनीच्या जुन्या माहितीपत्रकात दाखवलेली बोट अजून तिथे जाते का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

२०२५ मध्ये नॉर्वेच्या संसदेने पर्यटकांची गर्दी असलेल्या नगरपालिकांना मुक्कामावर ३ टक्क्यांपर्यंत कर घेण्याची मुभा दिली. २ हजार क्रोनरच्या खोलीवर फार तर ६० क्रोनर. पैसा पर्यटकांसाठीच्या सोयींवरच खर्च व्हायचा आहे. छोट्या गावाने हजारो पाहुण्यांची स्वच्छतागृहं स्वतःच्या खिशातून का सांभाळावीत? महाबळेश्वर-माथेरान पाहिलेल्यांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. आणखी एक: उत्तरेकडचा स्वालबार्ड द्वीपसमूह नॉर्वेचा असला तरी शेंगेनबाहेर आहे. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तिथून परत येता येत नाही, दोन प्रवेशांचा लागतो.

आपल्या घरांसाठी दोन जुन्याच गोष्टी. नॉर्वेत जनावराला आधी बेशुद्ध केल्याशिवाय जबह करायला बंदी आहे, तीही १९२९ च्या कायद्यापासून. तिथल्या हलाल मांसाबद्दल ज्यांना शंका असेल त्यांनी आलिमांना आधीच विचारावं. मासळी भरपूर मिळते. जून-जुलैत उत्तरेला सूर्य मावळतच नाही आणि बर्गनमध्येही पुरेसा अंधार होत नाही. इशा आणि फजरसाठी स्थानिक मशिदीचं वेळापत्रक घ्या. ओस्लोच्या ग्रोनलँड भागात पाकिस्तानी वंशाच्या लोकांची जुनी वस्ती आहे, तिथे उर्दूत विचारलं तरी रस्ता सांगणारं कुणीतरी भेटेल.

यंत्राने माणसं मोजणं प्रत्येकाला आवडेलच असं नाही, आणि आपल्या चेहऱ्यांची नोंद कोण, कशासाठी पाहतं हा प्रश्न विचारत राहायला हवा. पण या नियमांनी निदान एक गोष्ट आपल्या हातात दिली आहे. दिवस किती झाले हे यंत्राला कळतं, तसं आपल्यालाही कळू शकतं. घरातल्या कॅलेंडरवर जाण्याची आणि परतीची तारीख लाल पेनाने लिहा, आणि अम्मी-अब्बांच्या तारखा मुलांनी सांभाळा.