स्क्रीन केवढी नव्हे, किती लांब?

परीक्षा संपल्या की अनेक घरांत एकच वाद सुरू होतो. मुलाला गेमिंगसाठी ३२ इंची मॉनिटर हवा असतो. वडिलांचे म्हणणे, जवळपास तेवढ्याच पैशांत ४३ इंची टीव्ही येतो, तो सगळ्यांच्या उपयोगी पडेल. दुकानदार रिफ्रेश रेट, फोर-के, एचडीआर हे सगळे समजावतो. मूल त्या स्क्रीनपासून किती अंतरावर बसणार, हे मात्र कोणीच विचारत नाही.

डोळ्यांच्या दृष्टीने तोच खरा प्रश्न आहे. जवळची वस्तू स्पष्ट दिसावी म्हणून डोळ्यातील भिंगाला अधिक फुगीर व्हावे लागते आणि त्यासाठी आतील स्नायू सतत आकुंचन पावतो. ५० सेंटिमीटरवरच्या मॉनिटरसाठी हा जोर २ डायॉप्टर लागतो. अडीच मीटरवरच्या टीव्हीसाठी ०.४, म्हणजे फक्त पाचवा हिस्सा.

लहान वयात याला अधिक महत्त्व आहे. मुलांचा डोळा अजून वाढत असतो. तासन्‌तास जवळचे पाहणे आणि मायोपिया, म्हणजे लांबचे अंधुक दिसणे, यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. नंबर लवकर लागला की तो वाढायला अधिक वर्षे मिळतात. फार मोठ्या नंबरमुळे पुढे दृष्टिपटल सुटण्याचा आणि काचबिंदूचा धोकाही वाढतो. त्यामुळे ‘चष्मा लागला तर लागला’ असे म्हणून हा विषय सोडून देता येत नाही.

मॉनिटरची बाजूही खोटी नाही. बटण दाबल्यावर चित्र हलायला लागणारा वेळ त्यात सहसा कमी असतो आणि अक्षरे अधिक रेखीव दिसतात. पण टीव्हीतील ‘गेम मोड’ सुरू केला की चित्रावरची बरीचशी प्रक्रिया थांबते आणि हा विलंब खूप कमी होतो. घरगुती खेळासाठी तेवढे पुरेसे आहे.

सर्वांत वाईट पर्याय तिसराच, आणि तो हल्ली बराच दिसतो: ४३ इंची टीव्ही थेट अभ्यासाच्या टेबलावर. या टीव्हीची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर असते. ६० सेंटिमीटरवरून तो पाहायचा तर कोपऱ्यातला नकाशा आणि गुण पाहण्यासाठी मान सारखी वळवावी लागते. वरची कड डोळ्यांच्या पातळीच्या वर गेली की मान मागे झुकते आणि डोळे अधिक उघडे राहून लवकर कोरडे पडतात. आधीच खेळाच्या नादात पापण्या कमी लवतात. मग डोळे चुरचुरतात, डोके दुखते आणि दोष ‘ब्लू लाइट’ला दिला जातो. निळा प्रकाश अडवणाऱ्या महागड्या चष्म्यांनी डोळ्यांचा ताण कमी होत नाही, असाच निष्कर्ष २०२३ च्या कोक्रेन आढाव्यात निघाला आहे.

म्हणून शाळकरी मुलासाठी हॉलमधला टीव्हीच बरा. दहा बाय बाराच्या हॉलमध्येही दोन-अडीच मीटर अंतर सहज मिळते. शिवाय तिथे खेळ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. आजीच्या मालिकेची वेळ झाली की रिमोट द्यावाच लागतो, आणि वेळेवर एवढे साधे बंधन घालणारे दुसरे उपकरण बाजारात मिळत नाही. खेळावरचा ताबा सुटणे याला जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ म्हणून स्थान दिले आहे. बंद खोलीत मध्यरात्रीपर्यंत चालणारा खेळ घरच्यांच्या लक्षात उशिरा येतो.

कॉलेजात जाणाऱ्याला किंवा संगणकावर कामही करणाऱ्याला मॉनिटर योग्य. मात्र तो २४ ते २७ इंची, हातभर अंतरावर आणि वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली असावी. दर २० मिनिटांनी २० सेकंद खिडकीबाहेर लांब पाहावे.

स्क्रीन कोणतीही घेतली तरी मुलाला रोज सुमारे दोन तास घराबाहेर उजेडात खेळू द्यावे. मायोपिया सुरू होण्याची शक्यता त्याने कमी होते. आणि दुकानात जाण्याआधी घरात टेप लावून बसण्याचे अंतर मोजावे. निम्मा वाद तिथेच मिटेल.