नांवाचा अर्थ आणि नांवाचा भार

हजेरी घेतांना दानीएल, शमुवेल, बन्यामीन हीं नांवें मी रोज उच्चारतों. एके दिवशीं मीं वर्गांत प्रत्येकास आपल्या नांवाचा अर्थ विचारला, तेव्हां बहुतेकांनीं माना खालीं घातल्या. जें नांव जन्मभर धारण करावयाचें त्याचा अर्थ ठाऊक नसावा, हें मला बरें वाटलें नाहीं. म्हणून हा अल्प लेखनप्रपंच.

इब्री भाषेंतील पुष्कळ नांवें म्हणजे लहानशीं वाक्येंच होत. त्यांत येणाऱ्या 'एल' या शब्दाचा अर्थ देव. दानीएल म्हणजे 'देव माझा न्यायाधीश आहे'. नथनेल म्हणजे 'देवानें दिलें'. आपल्याकडील देवदत्त या नांवाशीं याचें किती साम्य आहे पाहा! इसहाक म्हणजे 'तो हसतो'. उतारवयांत पुत्र होणार हें ऐकून अब्राहाम व सारा दोघेंही हसलीं होतीं.

मात्र शास्त्रांत सांगितलेला अर्थ नेहमींच व्याकरणाचा असतो असें नाहीं. परमेश्वराजवळ मागून घेतलेला पुत्र म्हणून हन्नेनें बाळाचें नांव शमुवेल ठेविलें. परंतु शब्दाची फोड केली असतां 'देवाचें नांव' किंवा 'त्याचें नांव देव' असा अर्थ निघतो. मातेनें त्या नांवांत आपली कृतज्ञता सांठविली होती.

पण आईबापांच्या अंतःकरणांत कृतज्ञतेप्रमाणेंच शोकही असतो. राहेल प्रसूतिवेदनांनीं मरणोन्मुख झाली असतां तिनें बाळास 'बेनोनी', म्हणजे 'माझ्या दुःखाचा पुत्र', असें म्हटलें. ती याकोबाची परमप्रिय पत्नी. तिचा शेवटचा शब्द म्हणून त्यानें तेंच नांव राहूं दिलें असतें, तर त्यास कोणीं दोष दिला असता? तरी त्यानें मुलाचें नांव बन्यामीन, म्हणजे 'उजव्या हाताचा पुत्र', असें ठेविलें. आपल्या शोकाचा भार त्यानें लेकराच्या माथीं मारिला नाहीं. उत्पत्तीच्या ३५ व्या अध्यायांतील हा प्रसंग प्रत्येक पालकानें अवश्य वाचावा.

कारण असा भार आपल्याकडेही मुलांवर घातला गेला आहे. पुत्राची वाट पाहणाऱ्या घरीं मुलीच्या पाठीवर मुलगीच झाली, म्हणजे तिचें नांव 'नकोशी' ठेवण्याची चाल महाराष्ट्रांत होती. २०११ सालीं सातारा जिल्ह्यांत अशा अडीचशेंहून अधिक मुलींस समारंभपूर्वक नवीं नांवें देण्यांत आलीं. याकोबानें केलें तेंच तेथें झालें, असें मी समजतों.

म्हणून पालकांस माझी नम्र विनंती कीं, नांव ठेवतांना केवळ त्याच्या नादास भुलूं नये, व आपली निराशा त्यांत ओतूं नये. आणि विद्यार्थ्यांनो, सोबत्यास त्याच्या व्यंगावरून हांक मारतां, तेव्हां तुम्हीही त्यास बेनोनीच ठरवितां, हें विसरूं नका. आज घरीं गेल्यावर आईबापांस एवढें विचारा, 'माझ्या नांवाचा अर्थ काय, आणि तें तुम्हीं कां ठेविलें?'

— एक शिक्षक